ब्राखा नेमकी केव्हा म्हणायची? सणांच्या वस्तू हाती घेताना

ब्राखेचे, म्हणजे ज्यू धर्मातल्या ठराविक स्तुतिवचनाचे, शब्द पुस्तकात छापलेले असतात, पण हात केव्हा उचलायचा हे तिथे सहसा छापलेलं नसतं. त्यामुळे सिनेगॉगमध्ये नव्याने येऊ लागलेला माणूस शब्द अचूक म्हणतो आणि क्षण चुकवतो. लुलाव (सुक्कोथ सणाची खजुराची झावळी) हलवून झाल्यावर ब्राखा म्हणतो, नाहीतर ब्राखा म्हणून झाल्यावर काडेपेटी शोधायला स्वयंपाकघरात जातो. हा लेख त्या क्षणाबद्दल आहे. इस्राएली कुटुंबात वाढूनही ज्यांच्याकडे सणांचं सगळं थोरांनीच केलं, किंवा जे लग्न होऊन अशा घरात आले, त्यांना समोर ठेवून तो लिहिला आहे.

एक खुलासा आधीच करायला हवा. महाराष्ट्रातल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू समाज) सिनेगॉगमधली पद्धत बहुतांशी सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडच्या ज्यूंच्या, वळणाची आहे. कोचीनहून आलेल्या शिक्षकांचा आणि पुढे बगदादी ज्यूंचा तिच्यावर प्रभाव पडला. इस्राएलमध्ये किंवा परदेशात राहणाऱ्यांचा संबंध अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, पद्धतीशीही येतो. जिथे दोन्हींत फरक आहे तिथे दोन्ही सांगितल्या आहेत. आपल्या सिनेगॉगच्या हज्जानला, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याला, विचारा आणि एकच पद्धत धरा. या वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरी, असं करू नका.

मूळ नियम

तल्मूद या ज्यू धर्मशास्त्राच्या संग्रहातल्या पेसाहीम या ग्रंथात (पान ७ ब) नियम सांगितला आहे: मित्स्वेची, म्हणजे धर्माने सांगितलेल्या कृतीची, ब्राखा त्या कृतीच्या आधी, अगदी लगेच आधी. ‘आधी’ म्हणजे तासभर आधी नव्हे. वस्तू हातात किंवा समोर आहे, कृती अजून पुरी झालेली नाही आणि ब्राखा संपताच तुम्ही ती करणार आहात, असा तो क्षण.

ब्राखेचा साचा असा: ‘बारुख अत्ता हाशेम, एलोहेनू मेलेख हाओलाम, अशेर किद्दशानू बेमित्स्वोताव वेत्सिव्वानू…’ आणि पुढे त्या त्या मित्स्वेचे शब्द. वर देवाच्या नावाच्या जागी ‘हाशेम’ लिहिलं आहे. खरी ब्राखा म्हणताना तिथे पूर्ण नाव उच्चारायचं. एकट्याने सराव करताना मात्र ‘हाशेम’च म्हणायचं, कारण कृतीशिवाय म्हटलेली ब्राखा वाया जाते आणि नाव व्यर्थ घेतल्याचा दोष लागतो. लहान मुलांना शिकवताना पूर्ण नाव घेतलं तर चालतं.

वर्षातून एकदा येणाऱ्या मित्स्वेला दुसरी ब्राखा जोडली जाते, ती शेहेहेयानू: ‘…शेहेहेयानू वेकिय्यमानू वेहिग्गिआनू लाझमान हाझ्झे’. त्या वर्षी ती मित्स्वा पहिल्यांदा करताना ती म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायची का, हा प्रश्न प्रत्येक सणात वेगळा सुटतो. तो पुढे येईलच.

ब्राखा आणि कृती यांच्यामध्ये बोलायचं नाही. ‘काडी दे’, ‘पुस्तक इकडे कर’ असं कामापुरतं बोलणं निघालं तर ब्राखा मोडत नाही. ‘अगं, दारावर कोण आलंय बघ’ म्हटलं तर मोडते. म्हणून सगळ्या वस्तू आधी मांडून ठेवा. हा सल्ला फार साधा वाटतो, पण निम्म्या चुका फक्त यामुळेच होतात.

दुसऱ्याने म्हटलेली ब्राखा ऐकून तुम्ही स्वतःची मित्स्वा पुरी करणार असाल, तर फक्त ‘आमेन’ म्हणा. मध्ये ‘बारुख हू उवारुख शेमो’ घालू नका. एरवी ते म्हणणं चांगलंच, पण इथे ती ब्राखा तुमचीही असल्यामुळे ते मध्येच बोलल्यासारखं होतं. म्हणणाऱ्याच्या मनात तुम्ही असायला हवेत आणि तुमच्या मनात त्याची ब्राखा. दोघांपैकी एकाचं लक्ष नसेल तर भागत नाही.

ब्राखा म्हटली की नाही अशी शंका आली, तर पुन्हा म्हणू नका. शंकेत ब्राखा टाळायची असते. आणि चुकून वाया गेलीच, तर लगेच ‘बारुख शेम केवोद मलखुतो लेओलाम वाएद’ म्हणायचं.

लुलाव: नियम सर्वात अवघड जातो तो इथे

सुक्कोथच्या, म्हणजे मांडवांच्या सणाच्या, चार जाती म्हणजे खजुराची न उमललेली सरळ झावळी (लुलाव) १, एत्रोग हे लिंबासारखं मोठं फळ १, हदासच्या म्हणजे मर्टलच्या फांद्या ३ आणि अरावाच्या म्हणजे विलोच्या २. हदास आणि अरावा किमान तीन तेफाह (मुठीच्या रुंदीचं माप), म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटर लांब हव्यात. लुलावाचा कणा चार तेफाह, सुमारे ३२ सेंटिमीटर. हे तेफाह ८ सेंटिमीटरचा धरून झालं. काहीजण त्याहून मोठा धरतात. एत्रोग निदान अंड्याएवढा हवा. आपल्याकडचं महाळुंग त्याच कुळातलं आहे, पण लिंबाच्या किंवा दुसऱ्या झाडावर कलम केलेलं फळ चालत नाही. म्हणून बाजारातलं महाळुंग परस्पर वापरू नका, जाणकाराला दाखवा. नारळाची किंवा सुपारीची झावळी कितीही सरळ असली तरी लुलाव होत नाही.

लुलावाचा कणा आपल्याकडे करून धरला की उजवीकडे हदास, डावीकडे अरावा. हदास अरावापेक्षा थोडा उंच आणि लुलावाचा कणा दोघांच्याही वर एक तेफाह निघालेला.

आता अडचण अशी. चारही जाती सरळ धरून उचलल्या की मित्स्वा त्या क्षणी पुरी होते. हलवणं हे त्यानंतरचं. म्हणजे सगळं हातात घेऊन मग ब्राखा म्हटली तर ती कृतीनंतरची झाली, आणि काहीच हातात न घेता म्हटली तर फार आधीची. तोडगा म्हणजे मित्स्वा जाणूनबुजून अर्धवट ठेवायची:

१. उभे राहा. अंगठी काढून ठेवा, म्हणजे हात आणि फांद्या यांच्यामध्ये काही राहत नाही.

२. लुलावाची जुडी उजव्या हातात घ्या. अश्केनाझी डावखुरे ती डाव्या हातात घेतात; सेफार्दी डावखुरेही उजव्याच हातात.

३. अश्केनाझी पद्धतीत एत्रोग डाव्या हातात उलटा धरतात, पितोम म्हणजे वरचं टोक खाली आणि देठ वर. झाडावर फळ जसं वाढतं त्याच्या उलट धरल्यामुळे मित्स्वा अजून पुरी होत नाही. सेफार्दी घरांत बहुतेकदा एत्रोग मेजावरच ठेवतात.

४. ‘…अल नेतिलाथ लुलाव’ ही ब्राखा म्हणा. त्या वर्षीचा पहिला दिवस असेल तर लगेच शेहेहेयानू.

५. एत्रोग सरळ करा किंवा उचला आणि दोन्ही हात जोडून लुलाव व एत्रोग एकमेकांना टेकवा.

६. हलवा. अश्केनाझी क्रम पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, वर, खाली. आरी (सोळाव्या शतकातले गूढवादी रब्बी इत्सहाक लुरिया) यांची पद्धत पाळणारे सेफार्दी दक्षिण, उत्तर, पूर्व, वर, खाली, पश्चिम असं करतात. प्रत्येक दिशेला तीन वेळा.

नव्या माणसाला पितोम आणि देठ यांतला फरक चटकन कळत नाही. देठ म्हणजे फळ झाडाला जोडलेलं असतं ती, खाचेतली बाजू. काही एत्रोगांना पितोम नसतोच, ते मुळात तसेच वाढतात. तिथे देठाची बाजू खाली असेल तेव्हा फळ सरळ, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. घाबरून पितोम घट्ट पकडू नका. असलेला पितोम तुटला तर पहिल्या दिवसासाठी एत्रोग बाद होऊ शकतो.

ब्राखा विसरून सगळं उचललंच, तर? हल्लेल ही स्तुतिस्तोत्रं म्हणताना लुलाव पुन्हा हलवायचा असतो, म्हणजे मित्स्वा अजून चालू आहे. तेव्हा ते संपायच्या आत आठवलं तर ब्राखा म्हणता येते.

ही मित्स्वा दिवसाची आहे. सूर्योदयानंतर करावी, रात्री लुलाव उचलून म्हटलेली ब्राखा वाया जाते. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लुलाव घेतच नाहीत. पहिला दिवस शब्बाथला आला तर शेहेहेयानू रविवारी म्हणायची.

पहिल्या दिवसाची आणखी एक अट आहे: चारही जाती तुमच्या मालकीच्या हव्यात. उसन्या घेतलेल्यांवर ब्राखा चालत नाही. सिनेगॉगमध्ये अनेकदा एकच संच असतो, तेव्हा तो ‘परत करण्याच्या अटीवर भेट’ म्हणून द्यायचा आणि तसाच घ्यायचा. देणाऱ्याने ते तोंडाने म्हटलेलं बरं. आणि पहिल्या दिवशी तो संच सगळ्या मोठ्यांचं होण्याआधी लहान मुलाच्या हातात मालकीने देऊ नका. मूल भेट स्वीकारू शकतं, पण ती परत देऊन दुसऱ्याला मालक करू शकत नाही. सुक्कोथला मुलांनी हट्ट धरला की हा नियम हमखास विसरला जातो. मुलांना शेवटी द्या.

बायकांनी लुलाव घेतला तर ब्राखा म्हणायची का? अश्केनाझी बायका म्हणतात. वेळेशी बांधलेल्या मित्स्वा बायकांवर बंधनकारक नसल्यामुळे अनेक सेफार्दी घरांत त्या लुलाव घेतात पण ब्राखा म्हणत नाहीत. घरची रीत पाहा.

आपल्या उन्हात अरावाची पानं दोन दिवसांत गळू लागतात. ओल्या फडक्यात गुंडाळून जुडी गार ठेवा आणि जास्तीच्या अरावा आधीच मागवा. बहुतेक पानं गळलेल्या फांदीवर ब्राखा म्हणता येत नाही.

सुक्का

सुक्का म्हणजे या सणात राहण्याचा मांडव. तो उभारताना ब्राखा नाही. तल्मूदच्या काळी बांधताना शेहेहेयानू म्हणत, पण आज ती पहिल्या रात्रीच्या किद्दुशमध्येच (सण पवित्र करणाऱ्या, द्राक्षारसावरच्या प्रार्थनेत) म्हणतात. मित्स्वा बांधण्याने पुरी होत नाही, आत राहण्याने होते. ‘…लेशेव बासुक्का’ त्यामुळे खायला बसल्यावर म्हणायची. पावाचं जेवण असेल तर हात धुणं, हमोत्सी (पावाची ब्राखा), लगेच लेशेव, आणि मग पहिला घास. चहा किंवा फळ घ्यायला आत गेलात तर लेशेव नाही.

पहिल्या रात्री क्रम असा: द्राक्षारसाची ब्राखा, किद्दुश, लेशेव, शेहेहेयानू. शेहेहेयानू शेवटी येते, कारण ती सण आणि सुक्का दोन्हींसाठी असते. भारतात सणाचा पहिला दिवस दोन दिवस पाळतात. दुसऱ्या रात्री अश्केनाझी घरांत शेहेहेयानू आधी आणि लेशेव नंतर म्हणण्याची रीत आहे, कारण सुक्क्यासाठीची शेहेहेयानू आदल्या रात्रीच होऊन गेलेली असते.

लेशेव म्हणायला विसरलात आणि जेवण अर्ध्यावर आलं, तरी म्हणा. बसणं अजून चालू आहे.

मुंबई आणि कोकणात या दिवसांत परतीचा पाऊस असतो, म्हणून हा भाग इथे महत्त्वाचा. ताटातलं अन्न खराब होईल इतका पाऊस पडू लागला की तुम्ही सुक्क्यातून मोकळे झालात. हट्टाने आत बसून लेशेव म्हटली तर ती वाया जाते. प्लॅस्टिकचं कापड वर ताणून खाली बसलात तरी लेशेव नाही, कारण ऊनपावसापासून वाचवणारं छत झावळ्यांचंच हवं. कापड काढता-घालता येईल असं बांधा. नारळाच्या साध्या झावळ्या छताला उत्तम. बसण्या-निजण्यासाठी विणलेली चटई मात्र वर टाकू नका.

आठव्या दिवशी, शेमिनी अत्सेरेथला, भारतात सुक्क्यात जेवण्याची रीत असली तरी लेशेव म्हणत नाहीत.

शोफार

रोश हशाना म्हणजे नववर्ष, आपल्या जुन्या बोलीत नव्याचा सण. तेव्हा शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकतात. फुंकणारा उभा राहून दोन ब्राखा म्हणतो: ‘…लिश्मोआ कोल शोफार’ आणि शेहेहेयानू. पहिल्या ब्राखेचे शब्द ऐकण्याबद्दल आहेत, फुंकण्याबद्दल नाहीत. म्हणून ऐकणाऱ्याचंही काम आहे: दोन्हींना आमेन म्हणायचं आणि लक्ष देऊन ऐकायचं. ब्राखेपासून शेवटच्या नादापर्यंत गप्प राहायचं असतं. निदान पहिले तीस नाद संपेपर्यंत तर एक शब्दही नको.

तीस कसे होतात ते एकदा मोजून ठेवा (तेकिआ, शेवारीम आणि तेरुआ ही नादांची नावं). तेकिआ-शेवारीम-तेरुआ-तेकिआ तीन वेळा म्हणजे १२. तेकिआ-शेवारीम-तेकिआ तीन वेळा म्हणजे ९. तेकिआ-तेरुआ-तेकिआ तीन वेळा म्हणजे आणखी ९. आजारी माणसासाठी घरी जाऊन फुंकताना एवढे तीस पुरतात. तिथे फुंकणाऱ्याची स्वतःची मित्स्वा सिनेगॉगमध्ये आधीच झालेली असते, म्हणून ब्राखा शक्यतो ऐकणाऱ्यानेच म्हणावी.

फुंकणाऱ्याचा श्वास मध्येच तुटला आणि दुसरा उभा राहिला, तर त्याने ब्राखा पुन्हा म्हणायची नाही. त्याने पहिल्याची ऐकलेली असते. उशिरा आलेल्याने, ज्याने ब्राखा ऐकलीच नाही त्याने, चालू नादाच्या मध्ये काही पुटपुटू नये.

दुसऱ्या दिवशी अश्केनाझी शेहेहेयानू पुन्हा म्हणतात, सेफार्दी म्हणत नाहीत. पहिला दिवस शब्बाथला आला तर शोफार फुंकतच नाहीत. तेव्हा रविवारी दोघेही म्हणतात. नववर्षाआधीच्या एलुल महिन्यात फुंकतात तो आणि किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, शेवटी फुंकतात तो शोफार रिवाज म्हणून. त्याला ब्राखा नाही.

रोश हशानाच्या रात्री मेजावर खजूर, डाळिंब, भोपळा असे शुभचिन्हाचे पदार्थ असतात. इथली चूक नेहमीची. लोक ‘बोरे पेरी हाएत्स’ (झाडाच्या फळाची ब्राखा) म्हणतात, मग ‘येही रात्सोन’ ही विनंती वाचतात आणि मग खजूर खातात. विनंती मध्ये आली म्हणजे ब्राखा आणि खाणं तुटलं. ब्राखा, एक घास, मग विनंती, मग उरलेला खजूर, असं करा.

दिवे आणि मेणबत्त्या

शब्बाथच्या दिव्यांत नियम उलटा दिसतो. अश्केनाझी बाई आधी दिवे लावते, डोळे झाकते, ब्राखा म्हणते आणि मग डोळे उघडून उजेड पाहते. ब्राखा म्हणताच शब्बाथ सुरू झाला असं ती धरते, मग काडी ओढता येणार नाही. म्हणून हा डोळे झाकण्याचा मार्ग. अनेक सेफार्दी घरांत मूळ नियमाप्रमाणे आधी ब्राखा, मग दिवा.

सणाच्या दिव्यांना ही अडचण नाही. सणाच्या दिवशी आधीच जळत असलेल्या ज्योतीवरून दुसरी पेटवता येते. म्हणून पुष्कळ ठिकाणी सणाला ब्राखा आधी म्हणतात. काडी मात्र फुंकून विझवू नका, थाळीत ठेवा आणि आपोआप विझू द्या. सणाच्या दुसऱ्या रात्रीचे दिवे अंधार पडल्यावर, आदल्या दिवसापासून जळत ठेवलेल्या ज्योतीवरून लावायचे. ती ज्योत ठेवायची आठवण न राहिल्याने दुसरी रात्र अंधारात जाते. किप्पूरला विस्तवाचे नियम शब्बाथसारखेच कडक, तेव्हा सगळं सूर्यास्ताआधी.

बाईने दिव्यांवर शेहेहेयानू म्हटली असेल तर तिने किद्दुशच्या वेळी ती पुन्हा म्हणू नये. पेसाहच्या (मिसरमधून झालेल्या सुटकेच्या सणाच्या) सातव्या-आठव्या दिवशी दिव्यांवरही शेहेहेयानू नाही आणि किद्दुशमध्येही नाही, कारण तो वेगळा सण धरला जात नाही. शेमिनी अत्सेरेथ वेगळा धरतात, तिथे म्हणायची.

हनुक्का या आठ रात्रींच्या सणाच्या दिव्यांत ब्राखा नेहमी आधी. पहिल्या रात्री तीन: दिवा लावण्याची, ‘शेआसा निस्सीम’ (चमत्कारांबद्दलची) आणि शेहेहेयानू. पुढच्या सात रात्री पहिल्या दोनच. दिवे उजवीकडून मांडत जायचे आणि रोज डावीकडे एक वाढवायचा. लावताना मात्र नव्या, सर्वात डावीकडच्या दिव्यापासून सुरुवात करून उजवीकडे यायचं. शम्माश (बाकीचे दिवे लावायचा दिवा) पेटवल्यावर ब्राखा, आणि मग पहिला दिवा. शम्माशवर वेगळी ब्राखा नाही.

इथे लावणं हीच मित्स्वा आहे. त्यामुळे हनुक्किया, म्हणजे हनुक्काची दीपदानी, आधी तिच्या जागी ठेवा, मग ब्राखा म्हणा, मग लावा. ओट्यावर लावून खिडकीत नेली तर मित्स्वा झाली नाही. उलट, नीट लावलेला दिवा वाऱ्याने विझला तर मित्स्वा झालेली आहे. पुन्हा लावलात तर ब्राखेविना. पण मुळातच तेल कमी होतं किंवा पंखा थेट वर चालू होता, तर तो ‘नीट लावलेला’ नव्हे. अंधार पडल्यावर निदान अर्धा तास जळेल इतकं तेल हवं. शुक्रवारी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या दिव्यांच्या आधी आणि दिवस असतानाच लावायचे, तेव्हा तेल दीड तासाचं घाला. डब्यात मिळणाऱ्या बारीक मेणबत्त्या शुक्रवारी पुरत नाहीत.

ब्राखा विसरून लावायला सुरुवात केली आणि एखादा दिवा लावायचा राहिलेला असतानाच आठवलं, तर थांबून म्हणा. सगळे लावून झाले असतील तर लावण्याची ब्राखा गेली. बाकीच्या म्हणता येतात. सिनेगॉगमधले दिवे पाहून घरच्यांचं भागत नाही.

पेसाह

निसान महिन्याच्या १४ तारखेच्या रात्री, म्हणजे सण लागण्याच्या आदल्या रात्री, हामेत्स (पेसाहला वर्ज्य असलेले धान्याचे आंबवलेले पदार्थ) शोधायचा. अंधार पडताच मेणबत्ती हातात घेऊन ‘…अल बिऊर हामेत्स’ म्हणा आणि लगेच शोधायला लागा, पहिला कोपरा तपासेपर्यंत बोलू नका. घर आधीच घासूनपुसून लख्ख झालेलं असतं, म्हणून कागदात बांधलेले पावाचे दहा तुकडे लपवून ठेवण्याची रीत आहे. कुठे ठेवले ते लिहून ठेवा. सकाळी जाळताना ब्राखा नाही. रात्रीची ब्राखा त्यालाही धरूनच होती.

सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या विधिवत जेवणाच्या, रात्री एवढ्या ब्राखा एकामागून एक येतात की हगादा (त्या विधीचं पुस्तक) उघडी ठेवणंच शहाणपणाचं. मराठी अर्थासह हगादा मुंबईत १८४६ साली छापली गेली. १८७४ च्या पुण्याच्या आवृत्तीत मत्सा (बेखमीर भाकर) तयार करणाऱ्या बायकांची चित्रंही आहेत. चुका होतात त्या या जागी:

पहिलं हात धुणं ब्राखेविना, दुसरं ब्राखेसह. हात धुण्याची ब्राखा हाही मूळ नियमाला अपवाद आहे: हात ओले असताना, पुसण्याआधी म्हणतात, कारण धुण्याआधी हात स्वच्छ असतीलच असं नाही.

कारपास, म्हणजे सुरुवातीला बुडवून खायची भाजी, केझाइथपेक्षा कमी खा, म्हणजे नंतरच्या ब्राखेचा घोळ होत नाही. केझाइथ म्हणजे सुमारे २७ ते ३० घनसेंटिमीटर. कारपासवर ‘बोरे पेरी हाअदामा’ (जमिनीतल्या पिकाची ब्राखा) म्हणताना मनात मारोरही (कडू भाजी) धरा.

मत्सा: तिन्ही हातात धरून हमोत्सी म्हणा, सर्वात खालची सोडून द्या आणि वरची व तुटकी मधली धरून ‘…अल अखिलाथ मत्सा’ म्हणा. मग मोडून, डावीकडे कलून, शक्य तर चार मिनिटांच्या आत खा.

मारोर: आधी हारोसेथमध्ये (गोड चटणीत) बुडवा, जास्तीचं झटका, ‘…अल अखिलाथ मारोर’ म्हणा आणि कलल्याशिवाय खा. ब्राखा म्हणून झाल्यावर पानातले किडे शोधत बसू नका, ते काम दुपारीच उरका. कोरेख (मत्सा आणि मारोर एकत्र) आणि अफिकोमान (शेवटी खायचा मत्साचा तुकडा) यांना ब्राखा नाही.

चार पेल्यांपैकी अश्केनाझी प्रत्येकावर ‘बोरे पेरी हागेफेन’ (द्राक्षारसाची ब्राखा) म्हणतात, सेफार्दी पहिल्या आणि तिसऱ्यावरच. पेला निदान ८६ मिलिलिटरचा. आपल्याकडे काळ्या मनुकांचं सरबत किद्दुशला वापरतात, आणि त्यावर हागेफेन म्हणता येते. पण मनुका दाबल्यावर रस सुटेल इतक्या ओलसर हव्यात आणि पाण्याच्या सहाव्या भागापेक्षा जास्त घातलेल्या हव्यात. कोरड्या ठणठणीत मनुका भिजवून निघालेल्या रंगीत पाण्यावर हागेफेन होत नाही. चाळण्याआधी एक मनुका बोटात दाबून पाहा.

सण शनिवारी रात्री सुरू झाला तर एकाच पेल्यावर हा क्रम धरा: द्राक्षारस, किद्दुश, दिवा, हवदाला (शब्बाथ संपल्याची ब्राखा), शेहेहेयानू. सुगंधाची ब्राखा त्या रात्री गाळतात.

मेगिला आणि तू बिश्वाथ

पुरीमच्या सणाला मेगिला, म्हणजे एस्तेरच्या कथेची गुंडाळी, पत्रासारखी घडी घालून उलगडतात, मग वाचणारा तीन ब्राखा म्हणतो: ‘…अल मिक्रा मेगिला’, शेआसा निस्सीम आणि शेहेहेयानू. सकाळच्या वाचनात सेफार्दी शेहेहेयानू पुन्हा म्हणत नाहीत, अश्केनाझी म्हणतात. कथेतला खलनायक हामान याच्या नावाला होणारा गोंगाट ब्राखेच्या वेळी नको आणि नावाच्या पुढचा शब्द बुडेल इतकाही नको, कारण प्रत्येक शब्द ऐकू यायला हवा. गुंडाळी पुन्हा मिटल्यावर शेवटची ब्राखा म्हणतात, मात्र दहाजण हजर असतील तरच. मिष्टान्नं पाठवताना किंवा गरिबांना पैसे देताना ब्राखा नाही.

तू बिश्वाथला (झाडांच्या नववर्षाला), अलिबागजवळच्या खंडाळ्याला किंवा घरी, मलिदा केला जातो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. ताट एकच असलं तरी ब्राखा एक नाही. केळं झाडावर लागतं असं वाटलं तरी त्याला ‘हाअदामा’, कारण केळीचं खोड वर्षानुवर्षं टिकत नाही. खजूर, सफरचंद, डाळिंबाला ‘हाएत्स’. पोह्यांना, तांदूळ असल्यामुळे, ‘बोरे मिने मेझोनोथ’ (धान्याच्या पदार्थांची ब्राखा). पण खाऊन झाल्यावर तांदळासाठी ‘अल हामिहया’ म्हणत नाहीत, ‘बोरे नेफाशोथ’ म्हणतात. सुगंधी पानाची किंवा फुलाची ब्राखा वास घेण्याआधी, म्हणून हज्जानने म्हणेपर्यंत ते नाकाशी नेऊ नका. प्रत्येक ब्राखेनंतर त्या त्या पदार्थाचा घास लगेच घ्या. सगळ्या ब्राखा ओळीने म्हणून शेवटी ताट वाटलं तर मधल्या ब्राखा खाण्यापासून तुटतात.